भूत, भाऊबंद आणि ओव्हरटाइम

माणसाला एखादा शौक असावा आणि तो शक्यतो चारचौघांत सांगता येण्यासारखा असावा. आमच्या शाखेतले हेडकॅशियर कुंडीत गुलाब वाढवतात. शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ नाट्यगीतं म्हणतात. (म्हणजे असं त्यांचं म्हणणं आहे.) मी मात्र १९३० च्या सुमाराचे कृष्णधवल राक्षसपट बघतो. जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की घरातले दिवे घालवून मी ड्रॅक्युलासमोर मांडी ठोकतो. सौभाग्यवती म्हणते, "दिवसभर काउंटरवर ती तोंडं बघून पोट भरत नाही का तुमचं?" याला आजवर मला उत्तर सुचलेलं नाही.

चिरंजीवांची तक्रार निराळीच. "बाबा, यात घाबरायचं कुठे?" त्याचंही खरं आहे. १९३१ च्या 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसी हातात मेणबत्ती घेऊन जिन्यावर उभा राहतो आणि सावकाश बोलतो. इतका सावकाश, की तेवढ्यात आमच्याकडे दोन डिमांड ड्राफ्ट निघावेत. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. युरोपातल्या त्या पडक्या गढीत आर्मडिलो नावाचे अमेरिकेतले कवचवाले प्राणी खुशाल फिरताहेत. ते तिथवर कोणत्या बोटीने आले, देव जाणे! पण याच सेटवर रोज दुसरी पाळी चालायची, हे कळल्यावर मला त्या गढीबद्दल आपुलकी वाटू लागली. इंग्रजी मंडळी संध्याकाळी घरी गेली, की स्पॅनिश नटांची मंडळी यायची आणि रात्रभर तोच सिनेमा स्पॅनिशमध्ये काढायची. दिग्दर्शक जॉर्ज मेलफर्ड यांना स्पॅनिश येत नव्हतं. तरीही रात्रपाळीचा कॅमेरा दिवसपाळीपेक्षा सरस आहे, असं पुष्कळ जाणकार सांगतात. साहेबाला भाषा न येता काम उत्तम होतं, हा अनुभव सरकारी कचेऱ्यांना नवा नाही.

आता या भुतावळीचा मालक कोण? एक हिशेबनीस! युनिव्हर्सल कंपनीचे कार्ल लेम्ली १८६७ साली जर्मनीतल्या लाउपहाइम गावी जन्मले, सतराव्या वर्षी अमेरिकेत आले आणि पुढची कित्येक वर्षं खतावण्या लिहीत आणि कापडदुकान सांभाळत राहिले. १९०६ साली त्यांनी शिकागोत छोटं थिएटर काढलं, १९१२ साली युनिव्हर्सल उभी राहिली. लोक मुलाला एकविसाव्या वाढदिवसाला मनगटी घड्याळ देतात; यांनी चित्रपटनिर्मितीचं खातंच देऊन टाकलं. भुतं काढायची हौस या चिरंजीवांची. तीर्थरूपांना तो प्रकार फारसा पसंत नव्हता, पण मंदीच्या दिवसांत गल्ल्यावर पैसे पडायला लागल्यावर तीर्थरूप तरी काय बोलणार?

गंमत अशी, की भुतांनी तारलेल्या या घराला गाण्याबजावण्याने बुडवलं. 'शो बोट' नावाच्या संगीतपटाचं अंदाजपत्रक फुगलं, साडेसात लाख डॉलर्सचं कर्ज काढलं आणि कर्ज देणाऱ्याला कंपनी विकत घ्यायचा हक्क लिहून दिला. १९३६ साली सावकार दारात आला आणि लेम्ली बापलेक बाहेर! अहो, आमच्या कर्जविभागातल्या उमेदवारालाही विचारलं असतं, तरी त्याने 'सही करू नका' म्हणून सांगितलं असतं.

पण याच म्हाताऱ्याच्या दुसऱ्या सह्या वाचल्या, की माझा हात टोपीकडे जातो. (टोपी मी घालत नाही, ही गोष्ट वेगळी.) १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर लाउपहाइम आणि आसपासच्या ज्यूंना अमेरिकेत यायचं, तर तिथला कोणीतरी जामीन लागे: या माणसाचा भार सरकारवर पडणार नाही, पडला तर मी बघून घेईन. सख्ख्या मेव्हण्याच्या स्कूटरच्या कर्जाला जामीन राहायचं म्हटलं, तर आपल्याला त्या दिवशी नेमकी गावाला जायची आठवण होते. लेम्लींनी अशी हमीपत्रं शेकड्यांनी सही केली. तीनशेहून जास्त माणसं त्यामुळे वाचली. पुढे वकिलातीने शंका काढली: गृहस्थ सत्तरीचे, भार घेणार किती जणांचा? तेव्हा त्यांनी १९३८ साली थेट अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांना पत्र लिहिलं. १९३९ साली ते वारले.

'किंग काँग' मला निराळ्याच कारणासाठी प्रिय आहे. तो न्यूयॉर्कला लागला २ मार्च १९३३ रोजी आणि त्याच आठवड्यात रूझवेल्टसाहेबांनी देशातल्या सगळ्या बँका बंद ठेवल्या. बँकांवरचा लोकांचा विश्वास उडाला होता, पण वीतभर-दोन वीत उंचीच्या सशाच्या कातड्याच्या बाहुल्यावर उडाला नव्हता. त्यासाठी रांगा लागल्या होत्या.

मात्र माझा खरा माणूस बोरिस कार्लोफ. खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७ चा. वडील हिंदुस्थानातल्या मीठखात्यात. आईचा जन्म सुरतेचा. आणि आईची मावशी म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवणीला गेलेली ॲना लिओनोवेन्स, जन्म १८३१, मुक्काम अहमदनगर! म्हणजे आजचं अहिल्यानगर. तेव्हा फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस लांबून का होईना, आपल्या नगरकडचा निघाला. घरच्यांची इच्छा पोराने भावांसारखी वकिलातीतली नोकरी धरावी, अशी. पोरगा १९०९ साली कॅनडाला पळाला आणि वीसेक वर्षं किरकोळ भूमिका आणि हमाली करत राहिला. राक्षस मिळाला तेव्हा चव्वेचाळिशी आली होती. आमच्याकडे या वयात माणूस स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म वाचायला घेतो.

जॅक पिअर्स रोज चार तास त्याला रंगवायचा. गाल खोल दिसावेत म्हणून कार्लोफ आपले बसवलेले दात काढून ठेवायचा. आणि श्रेयनामावलीत सुरुवातीला त्याच्या नावाच्या जागी काय? प्रश्नचिन्ह! पुढच्याच वर्षी 'ममी'साठी आठ तास पट्ट्या गुंडाळून घेतल्या आणि मग रात्री चित्रीकरण. १९३३ साली नटांची युनियन निघाली, तेव्हा पहिल्या सभासदांत हा राक्षस होता, यात मला तरी नवल वाटत नाही. ओव्हरटाइम म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

एक प्रसंग मात्र चिरंजीवांनाही गप्प करून गेला. तळ्याकाठी एक लहान मुलगी राक्षसाला न घाबरता फुलं देते. दोघं फुलं पाण्यात टाकतात, ती तरंगतात, राक्षस हसतो. फुलं संपतात. मग तो तिलाच उचलून टाकतो, तीही तरंगेल म्हणून. सेन्सॉरने हे फेकणं कापलं, म्हणजे नुसते पुढे झालेले हात राहिले, आणि बघणाऱ्यांनी त्याहून भयंकर ते मनाने भरून घेतलं. तो तुकडा १९८० नंतरच्या दशकात परत जोडला गेला.

१९३३ साली कार्लोफ एका चित्रपटासाठी इंग्लंडला परत गेला. मनात धाकधूक. भाऊ वकिलातीतले मोठे लोक, आणि आपण कुळाचं नाव बदलून भुतं करणारे! वर्तमानपत्रवाल्यांना भावांबरोबर फोटो हवा होता. विचारावं कसं, या विचाराने बिचारा हैराण. शेवटी विचारलंच. फोटो निघायला वेळ लागला खरा, कारण मधे कोण उभं राहणार आणि कडेला कोण, यावरून थोरल्या बंधूंचं जुंपलं होतं.