पादप्रक्षालन (ख्रिस्ती विधी)

ख्रिस्ती उपासनेतील दुसऱ्याचे पाय धुण्याचा विधी. येशू ख्रिस्ताने मरणाच्या आदल्या रात्री शिष्यांचे पाय धुतले, त्याच्या स्मरणार्थ तो केला जातो. नम्रता आणि सेवा ही एकाच वृत्तीची दोन अंगे आहेत, ही ख्रिस्ती अध्यात्माची शिकवण येथे प्रत्यक्ष कृतीतून प्रकट होते. कॅथलिक व पौर्वात्य मंडळ्यांत हा विधी ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी होतो. काही प्रॉटेस्टंट पंथांत तो वर्षातून अनेकदा, प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षारस यांच्या विधीला) जोडून होतो. लॅटिन परंपरेत त्याला ‘मान्दातुम’, म्हणजे ‘आज्ञा’, असे नाव आहे.

मूळ प्रसंग : हा प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आहे. धुळीच्या वाटांनी, चपला घालून आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यासाठी पाणी देणे हा पॅलेस्टाइनमधील आतिथ्याचा रिवाज होता. दुसऱ्याचे पाय धुण्याचे काम मात्र घरातल्या सर्वांत खालच्या चाकराकडे असे. त्या रात्री भोजन चालू असताना येशू उठला, अंगावरचे वरचे वस्त्र उतरवून त्याने कमरेला रुमाल बांधला आणि पाणी घेऊन एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. लूकच्या शुभवर्तमानानुसार त्याच भोजनाच्या वेळी आपल्यांत मोठा कोण, असा वाद शिष्यांत चालला होता. योहानाच्या वृत्तान्तात भाकर आणि द्राक्षारस यांच्या विधीची स्थापना येत नाही. इतर तीन शुभवर्तमानांत जेथे ती येते, तेथे योहान पाय धुण्याची हकिकत सांगतो.

अर्थ : भारतीय वाचकाला पाद्यपूजा परिचित आहे. यजमान अतिथीचे, शिष्य गुरूचे, वधूपिता वराचे पाय धुतो आणि धुणारा स्वतःला लहान मानतो. येशूच्या कृतीत हा क्रम उलटतो, येथे गुरूच शिष्यांपुढे वाकतो. वाकताना तो आपले गुरुपण नाकारत नाही. आपण गुरू आणि प्रभू आहोत हे मान्य करून, म्हणूनच तुम्हीही एकमेकांचे पाय धुतले पाहिजेत, असे तो शिष्यांना सांगतो. त्यामुळे ख्रिस्ती विचारात नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे नव्हे. जवळ असलेला अधिकार दुसऱ्याच्या गरजेसाठी वापरणे म्हणजे नम्रता. प्रेषित पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातील दुसऱ्या अध्यायात हाच विचार आहे : देवस्वरूप असलेल्या ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले.

या प्रसंगातील दोन व्यक्ती विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. शिष्यांपैकी पेत्र आधी पाय धुऊ देत नाही. वरवर तो विनय वाटतो. पण मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही, अशा आशयाचे उत्तर येशू त्याला देतो. दुसऱ्याची सेवा स्वीकारायलाही मान लववावी लागते आणि देणाऱ्याच्या भूमिकेला चिकटून राहण्यातही अहंकार असू शकतो. दुसरी व्यक्ती यहूदा. तो विश्वासघात करणार हे येशूला ठाऊक होते, तरी त्याचे पाय धुवायचे राहिले नाहीत. यहूदा उठून गेला तो त्यानंतर. पात्रता पाहून केलेली सेवा ही या कृतीचे अनुकरण ठरत नाही.

इतिहास : तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, मंडळीने नोंदवून घ्यायच्या विधवेने पवित्र जनांचे पाय धुतलेले असावेत, असे म्हटले आहे, म्हणजे आरंभी ही घरगुती सेवा होती. चौथ्या शतकात मिलान येथे नवबाप्तिस्मितांचे पाय धुतले जात. रोममध्ये ही प्रथा नव्हती, तरी मिलानचे बिशप अँब्रोझ यांनी तिचे समर्थन केले. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीने तिला मठाच्या दिनक्रमात स्थान दिले. आठवडाभर स्वयंपाकघर सांभाळलेला मठवासी आणि पुढच्या आठवड्याचा पाळीकर यांनी मिळून सर्वांचे पाय धुवायचे. मठाधिपती आणि सर्व बंधू यांनी आलेल्या पाहुण्यांचे पाय धुवायचे आणि गरीब व यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्यायची. नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगणारी ही नियमावली त्याच नम्रतेला पाण्याचे भांडे आणि पाळीचे वेळापत्रक देते, हे तिचे मोठेपण आहे. 694 मध्ये तोलेदो येथील धर्मपरिषदेने पवित्र गुरुवारचे पादप्रक्षालन धर्माधिकाऱ्यांना बंधनकारक केले.

राजेही हा विधी करू लागले. इंग्लंडच्या जॉन राजाने 1213 मध्ये रॉचेस्टर येथे तेरा गरिबांना प्रत्येकी तेरा पेनी दिल्याची नोंद आहे. इंग्लंडमध्ये पुढे पाय धुणे बंद पडले आणि नाणी देण्याची प्रथा उरली. आजही नाणी देण्याच्या समारंभात राजाचे दानाधिकारी कमरेला लिननचे रुमाल बांधतात. रुमाल आहे, पाणी मात्र नाही. विधीतून सेवा निघून गेली की काय उरते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पंथभेद : प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर बहुतेक मोठ्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी हा विधी सोडला. मेनोनाइट पंथीयांनी 1632 च्या डॉर्ड्रेख्त कबुलीजबाबाच्या अकराव्या कलमात तो आवर्जून ठेवला. जर्मनीत 1708 मध्ये उदयास आलेल्या ब्रेदरेन पंथात पादप्रक्षालन, सहभोजन आणि प्रभुभोजन असा प्रीतिभोजनाचा क्रम असतो. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळीत प्रभुभोजनापूर्वी सभासद जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. येथे एकच धुणारा आणि बाकीचे धुऊन घेणारे असे नसते. प्रत्येकाला दोन्ही भूमिका घ्याव्या लागतात.

कॅथलिक मंडळीत 1955 च्या सुधारणेनुसार हा विधी पवित्र गुरुवारच्या सायंकालीन मिस्सात करण्याची मुभा मिळाली. पाय धुऊन घेणारे पुरुषच असावेत, असा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले. त्यांत मुली आणि मुस्लिमही होते. 2016 मध्ये नियम बदलून स्त्रियांनाही अधिकृतपणे सामावून घेण्यात आले.

भारतातील प्रथा : केरळमधील सिरियन ख्रिस्ती परंपरेत ‘पेसहा’ म्हणजे पवित्र गुरुवारी बिशप किंवा धर्मगुरू पाय धुतात. गोवा, मुंबई, वसई येथील कॅथलिक धर्मग्रामांत पवित्र गुरुवारच्या सायंकाळी धर्मगुरू बहुधा बारा भाविकांपुढे गुडघे टेकून हा विधी करतात.

महत्त्व : चर्चमधील सेवाकार्यासाठी असलेल्या ‘दिआकोनिया’ या ग्रीक शब्दाशी वाढपाची, टेबलाशी करायच्या सेवेची कल्पना निगडित आहे. थोरले ग्रेगरी (पोप 590–604) स्वतःला देवाच्या सेवकांचा सेवक म्हणवीत. पोपपदाच्या बिरुदांत ते आजही आहे. अशी बिरुदे आणि असे विधी वर्षातून एकदाचा देखावा ठरण्याचा धोका नेहमीच असतो. आजाऱ्याला पुसून काढणे, वृद्धाचे पाय धुणे, नको असलेल्या माणसाला घरात घेणे ही कामे वर्षभर होत असतील तरच पवित्र गुरुवारचे पाणी आज्ञेचे स्मरण ठरते.