वातरक्त आणि व्यायाम

पायाच्या आंगठ्यास रात्रीं अकस्मात् ठणका लागावा, पांघरुणाचा स्पर्शही सोसवूं नये, अशा व्याधीस इंग्रज गाऊट म्हणतात; आमच्या वैद्यकांतील वातरक्त तिच्याशीं पुष्कळसें जुळतें. चरकसंहितेंत त्याचें 'आढ्यवात' असेंही नांव आहे, म्हणजे धनिकांचा वात. मिष्टान्न खाऊन सुखांत बसणारे, न चालणारे लोक त्यास बळी पडतात, असें तेथें सांगितलें आहे. पण त्याच कारणांच्या मालिकेंत घोड्याउंटावरील स्वारी, जलक्रीडा व उड्या मारणें हींही आहेत.

उलट लंडनचा वैद्य टॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) हा स्वतः या रोगानें वर्षानुवर्षें पिडलेला. तरी १६८३ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें नित्य व्यायाम, त्यांतही घोड्यावर बसणें, हितकर ठरविलें. मग खरें कोणाचें मानावें?

१८४८ सालीं आल्फ्रेड गॅरडनें रोग्यांच्या रक्तांत यूरिक आम्लाचें आधिक्य दाखविलें. त्या आम्लाचे स्फटिक सांध्यांत सांचून दाह उठतो. अशा वेळीं सांध्यावर भार घालणें म्हणजे वेदना वाढविणें. तेव्हां विश्रांतीच हवी. दाह शमल्यावर मात्र चालणें, पोहणें, सायकल यांचा हळूहळू अभ्यास करावा व पाणी पुरेसें प्यावें. आम्ल उतरविणाऱ्या औषधाची जागा व्यायाम घेऊं शकत नाहीं, हेंही विसरूं नये.

आमच्या मतें या दोन वचनांत विरोध नाहीं. चरकसंहितेनें आळस व अतिरेक यांना एकाच पंक्तींत बसविलें, आणि सिडनहॅमनें नित्यतेवर भर दिला. दुखण्याच्या भयानें कायमचें चालणें सोडणारा रोगी दोघांचाही उपदेश मोडतो.