दोन अंबड आणि शोधाविषयीचे गैरसमज

'अंबड' हा एवढाच शब्द शोधयंत्रापुढे ठेवला, तर त्याने काय दाखवावे? नाशिककरांना अंबड म्हटले की शहरालगतची औद्योगिक वसाहत आठवते. जालना जिल्ह्यात अंबड म्हणजे मत्स्योदरी देवीचे, तालुक्याचे गाव. दोन्ही उत्तरे खरी आहेत. पहिले कोणते यावे, हे शब्दावरून ठरत नाही. विचारणारा कोण आणि कोठे, यावरून ठरते. तरीही 'अमुक शब्दाला पहिला क्रमांक मिळवून देतो' असे आश्वासन देणारा एक व्यवसाय गेली पंचवीसेक वर्षे चालला आहे. त्याच्याभोवती साचलेल्या गैरसमजांचा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते.

पहिला गैरसमज पुनरुक्तीचा. १९९५ साली आलेल्या अल्टाव्हिस्टासारख्या आरंभीच्या यंत्रांचा भर पानावरील शब्दांवर होता. साहजिकच एकच शब्द शंभरदा लिहिण्याची आणि पानाच्या छुप्या भागात शब्दांची माळ ओवण्याची युक्ती निघाली. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी निराळा विचार मांडला: पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर पाने त्याच्याकडे किती बोट दाखवतात, ते पाहावे. ही कल्पना विद्वानांच्या जगात नवी नव्हती. संशोधनलेखाचे वजन त्याच्या उल्लेखांवरून जोखण्याची रीत युजीन गारफील्ड यांच्या उद्धरणसूचीने आधीच रुजवली होती. पुढे उल्लेखही विकत मिळू लागले, तेव्हा २०१२ साली गूगलने अशा दुव्यांना चाप लावला. छुप्या शब्दमाळेचा क्रमवारीशी संबंध नाही, हे तर त्याने २००९ मध्येच जाहीर केले होते. तरी ती माळ ओवणारे पुढेही राहिलेच.

दुसरा गैरसमज पैशाचा. जाहिरातीला पैसे मोजले की मूळ क्रमवारीतही वर चढता येते, अशी समजूत आढळते. जाहिरातीची जागा विकत मिळते, हे खरे. पण ती 'जाहिरात' म्हणूनच मिळते. अंबडच्या वसाहतीतील एखाद्या लहान कारखानदाराला हा भेद ठाऊक नसेल, तर तो एका गोष्टीचे दाम देऊन दुसरीची वाट पाहत बसतो.

तिसरा गैरसमज आम्हांस सर्वांत घातक वाटतो: जे सापडत नाही, ते नाहीच. मराठीला याची झळ विशेष बसली. २००० नंतरची काही वर्षे अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास टंकांत असत. वाचकाला डोळ्यांपुढे देवनागरी दिसे. यंत्राच्या पदरी मात्र रोमन अक्षरांचा अर्थहीन गोंधळ पडे. तो मजकूर जगासमोर होता, पण कोणत्याही मराठी शब्दाने त्याच्यापर्यंत पोहोचता येत नव्हते. युनिकोड रूढ झाल्यावर नवे लेखन हाती लागू लागले; जुन्याचे रूपांतर ज्यांनी केले नाही, त्यांचे लेखन अंधारातच राहिले.

युनिकोडनेही सारे प्रश्न मिटले नाहीत. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकात दोन निरनिराळ्या अक्षरक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना भेद दिसत नाही, पण अक्षरास अक्षर ताडून पाहणाऱ्या साध्या शोधाला ते दोन शब्द वाटतात. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे जुन्या ग्रंथांतील 'गांव' आणि आजचे 'गाव' यांचीही अशीच ताटातूट होते. जुन्या मजकुराचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही रूपांनी शोध घेतला नाही, तर त्याचे निष्कर्ष अर्ध्याच पुराव्यावर उभे राहतील.

शं. ग. दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली, तेव्हा त्यांचे ध्येय नोंद सुटू नये हे होते. शोधयंत्राचे ध्येय निराळे आहे: विचारणाऱ्याला लवकर उपयोगी पडेल ते वर ठेवणे. पहिल्याकडून शीघ्रतेची आणि दुसऱ्याकडून संपूर्णतेची अपेक्षा करणे, दोन्ही चूकच. 'या विषयावर मराठीत काही लिहिलेले नाही' असे विद्यार्थी सांगतो, तेव्हा शिक्षकाने प्रथम एवढेच विचारावे: कोणत्या शब्दांनी, कोणत्या लेखनरूपांनी आणि कोठे कोठे शोधले?