सिद्धींची झुंज

सिद्धींची झुंज : योग, मंत्र किंवा तप यांच्या बळावर दोन सिद्धपुरुषांत होणारा सामना. यात हाती शस्त्र नसते आणि अंगाला अंग लागत नाही. तरी एखाद्याचा श्वास कोंडतो, एखाद्याचे पाय जमिनीला खिळतात, आणि फार बिनसले तर समोरच्याची राख होते. मराठीत अशा कथा नाथपंथी व वारकरी या दोन्ही परंपरांत आहेत. दोन्हींचे धागे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात एकत्र येतात. पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे समाधिस्थान, त्याच तालुक्यात घाटशिरसजवळ नाथकथांशी जोडलेले वृद्धेश्वर, राहाता तालुक्यात गोदाकाठी पुणतांब्याला चांगदेवांची समाधी, प्रवरेकाठी ज्ञानेश्वरीचे नेवासे आणि राहुरी तालुक्यात संतचरित्रकार महिपतींचे ताहराबाद, ही त्यांतली मुख्य ठिकाणे. मच्छिंद्रनाथांची समाधी मानले जाणारे सावरगावचे मायंबा जिल्ह्याच्या हद्दीला लागून, बीड जिल्ह्यात पडते.

विसाव्या शतकातील विज्ञानकथेने हाच प्रकार वेगळ्या वेषात मांडला. इयान बँक्स यांच्या ‘कन्सिडर फ्लेबास’ (1987) या कादंबरीत ‘डॅमेज’ नावाचा पत्त्यांचा खेळ आहे. त्यात खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मनावर भीती, निराशा, संताप यांचा मारा करतात, आणि पणाला लावलेली असतात ती जिवंत माणसे. डाव गमावला की त्यांतले एक माणूस मरते. डेव्हिड क्रोननबर्ग यांच्या ‘स्कॅनर्स’ (1981) या चित्रपटाचा शेवट दोन भावांच्या मनोबलाच्या झुंजीत होतो. मराठीत नारायण धारप (1925–2008) यांनी विज्ञानकथा आणि भयकथा दोन्ही हाताळल्या. त्यांचा ‘समर्थ’ अमानवी शक्तींशी लढतो तो मुख्यतः मनःसामर्थ्यावर. या नव्या लेखनाच्या कितीतरी आधी मढीच्या परिसरातील गर्भगिरीच्या डोंगररांगेतल्या गावांत याच जातीच्या लढती पारायणातून ऐकल्या जात होत्या, आणि त्यांचे नियमही पक्के होते.

नाथकथांतील लढतींचा मुख्य आधार म्हणजे धुंडीसुत मालू यांचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ (शके 1741, इ.स. 1819). इतिहास म्हणून तो वाचण्यात अर्थ नाही. लढतींचे नियमपुस्तक म्हणून मात्र तो फार मोलाचा आहे. त्यातला सामना बहुधा चिमूटभर भस्माने सुरू होतो. भस्म मंत्रून फेकले की ते अस्त्र होते. वाताकर्षणाने समोरच्याचा प्राणवायू आकर्षून घेतला जातो, स्पर्शास्त्राने पाय भूमीला चिकटतात, मोहनास्त्राने बुद्धी भ्रमते. प्रत्येक अस्त्राला उतारा असतो. अग्नी आला तर पाऊस, पर्वत आला तर वज्र. उतारा ज्याला ठाऊक नाही तो हरला. म्हणजे लढत बळाची कमी आणि पाठांतराची अधिक. मालूकवीचे नाथ एकमेकांना जोखतात ते कुणाच्या गुरूने किती विद्या दिली, यावरून. शाबरी विद्या संस्कृत मंत्रांहून निराळी, लोकबोलीतल्या शब्दांची. या नाथांचे सारे सामर्थ्य तीतच आहे.

मच्छिंद्रनाथ आणि मारुती यांची रामेश्वरची लढत हा या प्रकाराचा ठळक नमुना. पावसाची झड आल्यावर मारुती डोंगर उकरून गुहा करू लागतो. घराला आग लागल्यावर विहीर खणणाऱ्याची ही रीत, असे म्हणून मच्छिंद्र त्याला हसतो. ‘तू कोण?’ या प्रश्नाला तो ‘मी जती (यती)’ असे उत्तर देतो आणि मारुतीला ते खटकते, कारण जती म्हणवून घेण्याचा मान आपला, असे तो समजतो. मग पर्वतांचा वर्षाव सुरू होतो. मच्छिंद्र ते वरच्या वर थोपवतो आणि शेवटी मारुतीलाच हातातल्या डोंगरासकट जागच्या जागी खिळवतो. सोडवायला वायू यावा लागतो. ठिणगी नेहमी अशीच क्षुल्लक असते: एखादी पदवी, एखादा टोमणा, ‘आदेश’ हे नाथपंथी अभिवादन करताना झालेली कुचराई. आणि तोडगा मध्यस्थाच्या हातून निघतो. लढणारे दोघे आपणहून थांबल्याची उदाहरणे थोडी.

मढीच्या दृष्टीने महत्त्वाची लढत कानिफ आणि गोरक्ष यांची. तीत कोणी कोणावर अस्त्र टाकत नाही, आणि तरीही या साऱ्या परंपरेतली ती सर्वांत धारदार आहे. शिष्यांचा मोठा मेळा घेऊन निघालेल्या कानिफाची वाटेत एका आमराईत गोरक्षाशी गाठ पडते. पाहुणचार म्हणून कानिफ मंत्राने झाडावरचे पिकलेले आंबे खाली उतरवतो. सगळे पोटभर खातात. मग गोरक्ष आपली विद्या दाखवतो आणि दूरदूरची फळे बोलावून घेतो. तीही सगळे खातात, तरी काही उरतात. इथवर बरोबरी. आता गोरक्ष म्हणतो, उरलेली फळे जिथून आली तिथे, देठाला, पुन्हा लावून दाखव. तुटलेले फळ ब्रह्मदेवालाही जोडता यायचे नाही, असे कानिफ सांगतो. गोरक्ष ते जोडतो. त्यानंतर भांडण गुरूंवर घसरते. तुझा गुरू मच्छिंद्र स्त्रीराज्यात रमला आहे, असे कानिफ सुनावतो. तुझा गुरू जालिंदर याला गोपीचंद राजाने घोड्याच्या लिदीखाली पुरले आहे, असे गोरक्ष उलटून सांगतो. दोघांनाही आपल्या गुरूचा पत्ता लागतो तो या शिवीगाळीतून, आणि दोघे आपापल्या गुरूला सोडवायला निघतात.

तोडणे कोणालाही येते, जोडणे थोड्यांना, हा या कथेतला निकाल साऱ्या झुंजींना लागू पडतो. मालूकवी विजयाचा मान अस्त्र सोडणाऱ्याला क्वचितच देतो. तो मिळतो सोडलेले अस्त्र आवरणाऱ्याला आणि मेलेले उठवणाऱ्याला. संजीवनी मंत्राला नाथांच्या विद्येत जे स्थान आहे, ते यामुळेच.

खेळ किती धोक्याचा आहे, हे जालिंदराच्या सुटकेच्या प्रसंगात दिसते. पुरलेला जालिंदर बाहेर काढायचा, तर त्याच्या रागाचा पहिला तडाखा राजावर पडणार, हे कानिफ ओळखतो. म्हणून तो गोपीचंदाचे धातूंचे पुतळे करवून घेतो. खड्ड्याशी पुतळा उभा करायचा, राजाने आडून कुदळ मारायची आणि हाकेला ओ देऊन झटक्यात बाजूला व्हायचे. आतून ‘कोण?’ असा प्रश्न येतो. ‘गोपीचंद’ म्हणताच शाप सुटतो आणि पुतळा भस्म होतो. एकामागून एक पुतळे संपतात, तेव्हा कुठे राग शमतो. सिद्धाच्या तोंडून निघालेला शब्द परत घेता येत नाही, त्याला कुठेतरी पडायला जागा द्यावी लागते, हा नियम इथे पुरेपूर वापरला आहे. धक्का भलत्याच वस्तूवर घेण्याची ही युक्ती आधुनिक कथाकारालाही हेवा वाटावी अशी आहे.

वारकरी परंपरेतली एकच झुंज सर्वतोमुखी झाली, ती चांगदेव आणि ज्ञानदेव यांची. चांगदेव हे हठयोगी. मरणाची वेळ आली की प्राण ब्रह्मरंध्री चढवून काळाला चुकवायचे आणि अशा रीतीने चौदाशे वर्षे जगले, अशी कथा. ज्ञानदेवांची कीर्ती कानी आल्यावर त्यांना पत्र लिहायचे ठरले, पण मायना अडला: वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार? शेवटी कागद कोराच धाडला. चौदाशे वर्षे होऊनही हा कोराच राहिला, असा शेरा ज्ञानदेवांच्या बहिणीने, मुक्ताबाईंनी, मारला. पुढे चांगदेव शिष्यांचा लवाजमा घेऊन, वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक धरून आळंदीला आले. भावंडे भिंतीवर बसली होती. ज्ञानदेवांनी भिंतीलाच चालायला सांगितले आणि ती चालली. वाघ जिवंत असतो, त्याला धाकाने वळवता येते. दगडमातीला धाक कसला? चांगदेव वाघावरून उतरले. पुढे ते मुक्ताबाईंचे शिष्य झाले. पंधरा अस्त्रांची देवाणघेवाण नाही, एकच डाव आणि एकच उतारा. त्यामुळे ही कथा नाथांच्या लढतींहून अधिक लक्षात राहते.

ही कथा घराघरांत पोचवण्यात महिपतींचा (1715–1790) वाटा मोठा. ताहराबादचे हे कुलकर्णी चाकरी सोडून संतचरित्रांकडे वळले. त्यांच्या ‘भक्तविजया’त (1762) ही भेट येते. खुद्द ज्ञानदेवांच्या नावावर असलेली ‘चांगदेव पासष्टी’, म्हणजे त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर, या बाबतीत अगदी वेगळी आहे. तिच्यात वाघ नाही, भिंत नाही, हारजीत तर नाहीच. लिहिणारा आणि वाचणारा मुळात दोन नाहीत, एवढे एकच सूत्र ती परोपरीने मांडते. दोन पक्षच उरले नाहीत तर झुंज कोणाची? पासष्टीतले हे अद्वैत समजायला जड. भिंत मात्र लहान मुलालाही कळते. लोकांनी भिंत उचलली यात नवल नाही.

भिंत चालवण्याचा प्रसंग एकट्या मराठीचा नाही. अनातोलियातील सूफी संत हाजी बेक्ताश यांच्या चरित्रकथेतही सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन आलेल्या प्रतिस्पर्ध्याला निर्जीव दगडमाती चालवून उत्तर दिले जाते. भारतातल्या अनेक सूफी कथांत हाच डाव येतो. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्यावर स्वतंत्र निबंध लिहिला आहे. सूफी दर्गे आणि नाथांच्या समाध्या दख्खनमध्ये शेजारी नांदल्या, तेव्हा कोणाचा वाघ कोणाच्या कथेत शिरला हे ठरवण्याच्या भरीस पडू नये. नाथ आणि वारकरी यांचा दुवा मात्र स्पष्ट आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी दिलेली गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र (मच्छिंद्र), गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी ज्ञानदेवांपर्यंत येते. नेवाशाला शके 1212 मध्ये (इ.स. 1290) ग्रंथ पुरा करणारा हा तरुण आंबे देठाला जोडणाऱ्या गोरक्षाच्याच घराण्यातला होता.

चांगदेवांची ओळख मात्र गुंतागुंतीची आहे. पुणतांब्याखेरीज जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव याच नावाचे गाव आणि जुने मंदिर आहे. या नावाचे एकाहून अधिक योगी होऊन गेले आणि त्यांची चरित्रे एकात एक मिसळली, असे मानल्यास चौदाशे वर्षांच्या आयुष्याचा उलगडा सोपा होतो.

याच जिल्ह्यातल्या शिर्डीच्या परंपरेत झुंजीचे स्वरूप बरेच माणसाळले. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त नगरहून आलेला जव्हार अली हा फकीर साईबाबांना आपला चेला म्हणवतो आणि राहात्याला घेऊन जातो. शेवटी शिर्डीतला साधू देवीदास त्याला वादात हरवतो. त्याच ग्रंथात साईबाबांची एका पैलवानाशी झालेली साधी कुस्तीही आहे, आणि तीत बाबा हरतात. भस्म नाही, अस्त्र नाही.

पडद्यावर हा विषय लवकर आला. प्रभातचा ‘माया मच्छिंद्र’ (1932) व्ही. शांताराम यांनी काढला. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत ज्ञानेश्वर’ (1940) मध्ये भिंत चालताना दाखवली आहे, आणि आज बहुतेक मराठी माणसांच्या डोळ्यांपुढे येणारे चांगदेव त्या चित्रपटातले आणि कॅलेंडरातले असतात, महिपतींच्या ओव्यांतले नव्हेत.

जुन्या आव्हानाचे एक नवे रूपही नोंदवायला हवे. विवेकवादी अब्राहम कोवूर यांनी 1963 मध्ये श्रीलंकेत चमत्कार सिद्ध करणाऱ्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तीच वाट धरली: अट ठरवायची, साक्षीदार बसवायचे, मग सिद्धी दाखवायची. यातली जोखीम कथेतली उरली नाही. समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला आणि चमत्काराच्या नावाने लोकांना फसवणे हा राज्यात गुन्हा ठरला. समितीचे बक्षीस अजून कोणाला जिंकता आलेले नाही.