उधाण, भांग आणि भराव

मुंबईचा इतिहास आपण बहुधा जमिनीच्या हिशेबाने लिहितो : १८३८ चा कुलाब्याचा कॉजवे, १९२० च्या दशकात खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणलेला बॅकबे भरावाचा गैरकारभार, पुढे भरावावर उठलेले मनोरे. त्यांच्या पायथ्याशी, कफ परेडच्या मच्छीमार नगरात, कोळ्यांचे पंचांग मात्र पाण्याचे आहे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. तलावातल्या साचल्या पाण्यात हिवाळ्याअखेर मासा उबेच्या जागी शोधावा लागतो. इथे माघातही प्रश्न ओढीचा. डोल जाळे मासळीमागे धावत नाही. ते प्रवाहाकडे तोंड करून एका जागी बांधलेले असते. उधाणाची ओढ बोंबील त्यात आणून सोडते, भांगात ती मंदावते. कोरड्या हवेत तेच बोंबील वलांडीवर वाळतात.

आमच्या साहित्यभाषेने यातले उधाण उचलले. आनंदाला, उत्साहाला लावले. भांग मात्र किनाऱ्यावरच राहिला. ज्या भाषेला भरती तेवढी आठवते आणि मंदावलेले पाणी आठवत नाही, तिने लिहिलेल्या शहराच्या इतिहासात भरावच दिसणार, कोळीवाडा नाही.