पेपर्ट, सीमूर

(२९ फेब्रुवारी १९२८ – ३१ जुलै २०१६). गणितज्ञ व शिक्षणविचारक. जन्म दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे. १९५८ ते १९६३ या काळात जिनीव्हात मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांच्याबरोबर काम. पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत. १९६७ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा रचली.

'माइंडस्टॉर्म्स' (१९८०) हा त्यांचा ग्रंथ गाजला. छापील अक्षराशी त्यांनी घातलेला वाद मात्र 'द चिल्ड्रन्स मशीन' (१९९३) मध्ये अधिक स्पष्ट आहे. जिराफ झोपतो कसा, असे एका चार वर्षांच्या मुलीने त्यांना विचारले. घरी येऊन त्यांनी पुस्तके चाळली, तेव्हा जाणवले की वाचता येत नाही एवढ्याच कारणाने ही शोधाशोध त्या मुलीला बंद आहे. ज्ञान कागदावर होते म्हणून शाळेने वाचन-लेखनाला पहिला मान दिला. तेच ज्ञान चित्र, आवाज आणि हालचाल यांतून हाती येणार असेल, तर अक्षरओळख होईपर्यंत मुलाने खोळंबून का राहावे? वाचनाचे मोल त्यांना मान्य होते. आक्षेप होता तो क्रमाला.

त्यांचे मॅसॅच्युसेट्समधील सहकारी निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' (प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप) योजनेमागे पेपर्ट यांचाच विचार होता. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ती नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत भारतातला तिचा पहिला प्रयोग सुरू झाला. योजनेच्या हिरव्या-पांढऱ्या 'एक्सओ' लॅपटॉपचा पडदा उन्हातही वाचता येई आणि फिरवून दुमडला की तो पुस्तकासारखा धरता येई. चार इयत्ता एका खोलीत बसतात (कर्जत-खालापूरच्या वाड्यांना यात नवल नाही), तिथे गुरुजी एका इयत्तेकडे वळले की बाकीची मुले रिकामी राहतात. असे यंत्र सर्वांत उपयोगी पडेल ते याच वेळेत. मूल यंत्रावर आपले आपण शिकेल, ही निग्रोपाँटे यांची भिस्त जरा भाबडीच म्हणावी लागते. खुद्द पेपर्ट खैरातच्या प्रयोगाआधीच, डिसेंबर २००६ मध्ये, हनोईत मोटारसायकलच्या धडकेत जबर जखमी झाले होते.

महाराष्ट्र राज्याने पुढे छापील पाठ्यपुस्तकच कायम ठेवले आणि त्याच्या पानांवर क्यूआर कोड छापले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या शासकीय शैक्षणिक मंचावर ते फोनने उघडतात. त्यामागची चित्रफीत अक्षरे न येणाऱ्या मुलालाही कळते. फोन मात्र बहुधा गुरुजींचा किंवा वडिलांचा असतो.