दौंडची दुपार आणि प्रोसेसरचा पंखा

आजचा भाग जरा घरचाच आहे. म्हणजे इतिहास आहेच, पण सुरुवात मामाच्या घरातून.

माझे मामा दौंडला असतात. रेल्वेत लोको पायलट. रात्रभर गाडी चालवून सकाळी घरी येतात आणि दुपारी झोपतात. घर दोन खोल्यांचं. त्याच घरात मामेभावाने लग्नाचे व्हिडिओ एडिट करायला डेस्कटॉप बसवला. एक्सपोर्टला लावला की आतला पंखा असा काही सुटायचा, की पलीकडच्या खोलीत मामा नुसते कूस बदलत पडायचे. आता लोको पायलटची झोप म्हणजे काही लाडाची गोष्ट नाही. मागच्या डब्यांतल्या सगळ्यांचा जीव तिच्यावर असतो. मामी शेवटी म्हणाली, "मशीन तरी विक, नाहीतर बापाला झोपू तरी दे." मग भावाचा मला शिरूरला फोन: "दादा, आवाज न करणारा कूलर कुठला घेऊ?"

मी बीटेक, रोज कोड लिहितो, पण खरं सांगतो, याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. म्हटलं, मुळात हा पंखा आला कधी, तिथून बघू.

तर एक काळ असा होता की प्रोसेसरवर पंखाच नसायचा. १९८५चा ३८६ मदरबोर्डवर उघडाच बसायचा. ४८६च्या वेगवान चिपांवर अॅल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, दिसू लागला. १९९३ला पेंटियम आला, सुमारे १५ वॅटचा, आणि त्यावर पंखा बसला. १५ वॅट म्हणजे आजच्या साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरइतकेच. पण तेव्हा घरच्या कॉम्प्युटरसाठी ते फार होते.

पुढची दहा वर्षं नुसती गिगाहर्ट्झची शर्यत. २००४ला पेंटियम ४चा 'प्रेस्कॉट' आला आणि त्याची वरची मॉडेल्स ११५ वॅटपर्यंत गेली. माझ्या शाळेच्या लॅबमध्ये पेंटियम ४ होते. वीस मशीन एकदम चालू झाली की सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत नसे, आणि त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. त्याच २००४च्या मे महिन्यात इंटेलने पुढची 'तेजस' नावाची चिप रद्द केली. नाव आपलं, पण नशीब नाही! वेग वाढवत नेला की वीज आणि उष्णता आवाक्याबाहेर जाते, हे मान्य करून कंपनी एकाच चिपमध्ये दोन कोअर टाकण्याकडे वळली.

गंमत म्हणजे साधारण अशीच वाट आपल्या पुण्यात आधी धरली गेली होती, जरी कारण वेगळं होतं. १९८०च्या दशकात अमेरिकेचे क्रे सुपरकॉम्प्युटर म्हणजे मोजकेच, पण प्रचंड वेगवान प्रोसेसर. ते इतके तापत की १९८५च्या क्रे-२चे सर्किट बोर्ड चक्क एका द्रवात बुडवून ठेवलेले असत. असली मशीन भारताला द्यायला अमेरिका का-कू करत होती. मग १९८८ला पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ला डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० तयार झाला. त्याचं तत्त्व उलटं: एक राक्षस पोसण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिपांचा मोठा ताफा कामाला लावायचा. मला यात एक गोष्ट फार आवडते. काम वाटलं की उष्णताही वाटली जाते. एकाच ठिकाणी आग लागत नाही. अर्थात पुढे आकडे वाढले आणि पाण्याशिवाय भागेना. आज पुण्यातल्याच आयसरमधल्या परम ब्रह्माला थंड ठेवायला प्रोसेसरपर्यंत पाणी नेलेलं आहे.

हे ऐकून भाऊ लगेच, "मग मीपण वॉटर कूलिंगच घेतो!" थांब म्हटलं.

आधी आवाजाचं गणित. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल कमी म्हणजेच कानाला साधारण निम्मा वाटतो. म्हणून छोटा पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरवायचा. कंपनीच्या पेटीतला पंखा छोटा, म्हणून तो किंचाळतो. मामा हे गणित न शिकवताच समजले. दौंड स्टेशनात विजेचं इंजिन नुसतं उभं असलं तरी त्याचे ब्लोअर घोंघावत असतात, ते ऐकलंय ना? "रात्रभर तेच ऐकतो, घरी आलो की पुन्हा तेच," असं त्यांचं म्हणणं.

मोठा पंखा लावायला मोठा हीटसिंक लागतो, आणि उष्णता चिपपासून तिथवर न्यायला हीट पाइप. ही १९६३ची कमाल. अमेरिकेत लॉस अलामोसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी अंतराळातल्या वापरासाठी ती विकसित केली. तांब्याची बंद नळी, आत हवा काढून टाकून थोडंसं पाणी. हवेचा दाब नसल्याने ते कमी तापमानालाच उकळतं, वाफ वर पात्यांकडे जाते, तिथे पाणी होऊन नळीच्या आतल्या जाळीतून परत खाली. चहाच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर आतून थेंब जमतात ना, तेच. पंप नाही, मोटर नाही, आवाज शून्य.

वॉटर कूलरला मात्र पंप असतो. तो मशीन चालू असेपर्यंत बारीक गुणगुणत राहतो, आणि वर रेडिएटरचे पंखे असतातच. सगळेच काही वाईट नसतात, पण ६५ वॅटच्या चिपला तो थाट कशाला? शिवाय पंप गेला तर दौंडात तो लगेच मिळणार कुठे?

आता आपल्याकडची खरी अडचण: ऊन. कुठलाही कूलर चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. ते काम कॉम्प्रेसरचं, रांजणगावच्या एमआयडीसीत फ्रीज बनतात त्यांचं. मध्यम कूलर दर वॅटला अर्धा अंश चढू देतो असं धरा. ६५ वॅटला झाले साधारण ३२ अंश. एसीच्या खोलीत २४ अधिक ३२, म्हणजे ५६. दौंडच्या वैशाखात पत्र्याखाली ४० अधिक ३२, म्हणजे ७२. चिपला ७२ चालतात, पण पंख्याला ते कळत नाही, तो घाबरून पळत सुटतो. परदेशी रिव्ह्यूतले आकडे थंड खोलीतले असतात, हे विसरू नका.

भावाची चिप कोअर आय५-१२४००. पायाभूत ६५ वॅट, पण टर्बोत ११७ पर्यंत जाते. म्हणून सगळ्यात आधी, एक रुपयाही न खर्चता, बायोसमध्ये मर्यादा ६५ वर आणली. एक्सपोर्टला थोडा जास्त वेळ लागतो, लागू दे. मग १२० मिलीमीटर पंख्याचा, चार हीट पाइपांचा टॉवर कूलर घेतला. उंची मोजूनच, कारण कॅबिनेटचं झाकण लागलं नाही तर सगळं मुसळ केरात. पंख्याचा वेग ७५ अंशांपर्यंत वाढूच नये, असा कर्व्ह लावला.

राहिली धूळ. उसाच्या ट्रॉल्यांचा रस्ता शेजारीच, त्यामुळे दोन महिन्यांत पात्यांवर गोधडी चढते. मऊ ब्रशने झाडा. टायरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने उडवायचा मोह होतो, पण त्या हवेत पाणी असू शकतं. ब्लोअर वापरलात तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग जाईल.

पहिल्या दुपारी मामा चार तास झोपले. उठून आले आणि भावाला विचारलं, "आज काम नव्हतं का रे?" तो म्हणाला, "अहो, सकाळपासून चालूच आहे."

आता ग्राफिक्स कार्डचा पंखा ऐकू यायला लागलाय. आधी तो या गोंगाटात दबून गेला होता. तूर्त जड रेंडर मामा ड्युटीवर असताना लावायचे, असं ठरलंय.